चारुलताबाईंचा जाळीचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना जाळीचा दरवाजा आहे. बसा हवं तर समोर, पण मला टेकू नका आणि जाळीत बोटं घालू नका. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्या पुस्तकांतल्या फाटक्या छत्र्या आणि बंद पडलेली घड्याळं डोळ्यांत पाणी आणून आपली कहाणी सांगतात. माझ्याकडे पाणी नाही. मला राग आलेला आहे, आणि तो कुणाकुणावर आहे तेही सांगतो. तो दिलीपरावांवर आहे, त्यांच्या मॉड्युलर किचनवर आहे, आणि त्या किचनातल्या ज्या उंच कपाटानं माझी जागा बळकावली त्याच्यावर तर फारच आहे.

माझा जन्म मिरजेचा. हणमंत सुतार म्हणून एक बोलभांड माणूस होता, त्यानं मला घडवलं. खाली सागवानी फळ्या, वर बारीक तारेची जाळी, मधे एक आडवी पट्टी आणि आतल्या बाजूला लोखंडी कडी. रंधा मारता मारता हा गृहस्थ आल्यागेल्याशी भांडत असे. माझा स्वभाव बहुधा तिथूनच आला असावा.

मला बनवून घेतलं ते चारुलताबाईंनी. तेव्हा त्यांचं लग्न नवं होतं. नवरा, म्हणजे हे दिलीपराव, विमा कंपनीत अधिकारी. पहिली नेमणूक नागपूरला झाली आणि कंपनीचं क्वार्टर मिळालं. स्वयंपाकघराला मागचं दार होतं, पण ते उघडलं की डास आत आणि बंद केलं की उकाडा आत. कंपनीचा नियम असा कडक, की भिंतीत खिळा मारायचा तरी अर्ज करावा लागे. चारुलताबाई म्हणाल्या, मागच्या दाराला जाळीचा दरवाजा बसवू या. दिलीपराव म्हणाले, "दुसऱ्याच्या भिंतीला आपण कशाला पैसा लावायचा? उद्या बदली झाली की राहील इथंच."

"राहणार नाही. बरोबर नेऊ."

"दरवाजा? अगं, दरवाजा कुणी बरोबर नेतं का?"

"मी नेईन," बाई म्हणाल्या. दोरीनं चौकटीचं माप घेतलं, दोरीला गाठ मारली आणि ती पर्समध्ये घालून माहेरी मिरजेला आल्या. असा मी झालो.

आणि खरंच नेलं हो मला! नागपूरहून रायपूरला, रायपूरहून इंदूरला, तिथून लखनौला. बदलीचा हुकूम आला की बाई स्वतः पेचकस घेऊन बसायच्या, एकेक स्क्रू काढायच्या आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या. ट्रकमध्ये कपाटं, पलंग, गाद्या आणि सगळ्यांच्या वर मी. प्रत्येक गावाची चौकट निराळी. रायपूरला मी मोठा पडलो म्हणून दोन बोटं तासला गेलो, इंदूरला लहान पडलो म्हणून बाजूला पट्टी ठोकली, पुढच्या दोन गावीही एकेक. माझ्या अंगावर चार जातींचं लाकूड दिसतंय ना, ते यामुळं. हसू नका. तुम्हाला कुणी दर बदलीला तासलं असतं म्हणजे कळलं असतं.

दिलीपरावांना माझी लाज वाटायची. रायपूर सोडताना त्यांचे दोस्त पृथ्वीराज निरोप द्यायला आले होते. तेही त्याच कंपनीतले. ट्रकवर मला बघून म्हणाले, "दिलीपराव, खिडक्या राहिल्या वाटतं!" सगळे हसले. दिलीपराव कानापर्यंत लाल झाले आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी वैर धरलं. मीही धरलं. मी कुणाचं उधार ठेवत नाही.

बाईंचं म्हणाल तर त्यांचं नि माझं जमायचं. पोळ्या लाटताना माणूस एका जागी किती वेळ उभा असतो याचा विचार करा. समोर नुसती भिंत असली तर त्या भिंतीशीच संसार करावा लागतो. मी असलो की हवा येते, अंगण दिसतं, भाजीवाला दिसतो, शेजारीण दिसते, आणि डास बाहेरच राहतात. बाई म्हणायच्या, माझ्या घरातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुखाची वस्तू ही. माझ्याविषयी हे एकच वाक्य मला आयुष्यात गोड लागलं, म्हणून ते जसंच्या तसं सांगितलं.

प्रत्येक गावी त्या दिलीपरावांकडे आणखी थोडं काही मागत. इथं दोन फळ्या ठोकू या, तिथं ओट्याशेजारी खिडकी पाडून मिळेल का विचारा. आणि प्रत्येक गावी उत्तर ठरलेलं. "स्वतःचं घर होऊ दे. मग तुझ्या मनासारखं सगळं कर." भिंतींना कान असतात म्हणे. मग मला का नसावेत? हे वचन मी गावोगाव ऐकलं आहे.

शेवटची बदली जयपूरची. मुलगा कौशिक इथंच शिकला आणि त्याला शहरातल्याच झालाना भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली. परत महाराष्ट्रात जायचं कुणासाठी, असं म्हणत दिलीपरावांनी जयपुरातल्याच मुरलीपुऱ्यात घर घेतलं. लहान पण स्वतःचं. पुढं रस्ता, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या मागं फरशी घातलेलं छोटंसं अंगण. सामान उतरलं त्या संध्याकाळी पडदे लागायच्या आधी, देवसुद्धा मांडायच्या आधी बाईंनी बिस्किटांचा डबा उघडला आणि मला बसवलं. कडी लावून बघितली, काढून बघितली. मग माझ्या पट्टीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता नाही हं पुन्हा काढायचं तुला."

मी विश्वास ठेवला. चूक झाली.

दिलीपराव निवृत्त झाले आणि घरात बसले, तिथून सगळं बिघडलं. ज्या माणसानं उभी नोकरी कॅलेंडर टांगायलाही परवानगी मागितली, त्याच्या ताब्यात एकदम इतक्या भिंती आल्या. कुठंही खिळा मारा, कोण विचारतंय! त्यांचं मला कळतं. कळतं म्हणून मी माफ करीन असं मात्र समजू नका.

त्यात निवृत्त मराठी अधिकाऱ्यांचं त्यांचं एक टोळकं होतं. नोकरीनं जयपूरला आणून टाकलेली आणि इथंच राहिलेली मंडळी. पृथ्वीराजही त्यांत होते, त्यांनी माझ्या आधीच इथं घर केलं होतं. महिन्याला एकाच्या घरी चहा, आणि चहाआधी घरमालकानं घराचं 'काम' फिरवून दाखवायचं. इथं काय पाडलं, तिथं काय बसवलं, माल कुठून आणला. बायका बिचाऱ्या मागं हात बांधून हिंडायच्या. या चहासाठी दिलीपरावांनी आधी पुढच्या खोलीला फॉल्स सीलिंग केलं. आठवडेच्या आठवडे घरात पांढरी धूळ. शेवटी छताला निळ्या दिव्यांची रेघ उमटली. मंडळी आली, माना वर केल्या, वा वा म्हणाली, माना खाली केल्या आणि पोहे खाल्ले. झालं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण या छतानं तेवढेही काढले नाहीत. पुढं त्याच्याकडे एक पालच काय ती मन लावून बघायची, कारण तिचं बिऱ्हाड त्यात होतं.

मग घराच्या दर्शनी भिंतीला दगडाच्या पट्ट्या बसवल्या. त्या खाचांमध्ये कबुतरं राहायला आली. मग न्हाणीघर फोडून त्यात पावसासारखं पाणी पडणारं मोठं थोरलं शॉवर बसवलं. गच्चीवरची टाकी पुरेशी उंच नाही, हे बसवल्यावर लक्षात आलं. पिंडीवरच्या अभिषेकपात्रातून पडतं तसं थेंब थेंब पाणी. दिलीपराव रोज सकाळी त्या चकचकीत शॉवरखाली बादली ठेवायचे आणि तांब्यानं आंघोळ करायचे. पाहुण्यांना मात्र सांगायचे, "एकदम हॉटेलसारखं वाटतं." बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

मी मागच्या दारी असून मला हे कसं ठाऊक, असं विचाराल. अहो, घरात कुठंही काही झालं तरी त्याचं बोलणं स्वयंपाकघरातच होतं.

याच काळात घरात आणखी दोन कामं झाली, ती कुणी फिरवून दाखवली नाहीत. शेजारी सुलोचनाताई राहतात. साताऱ्याकडच्या. फौजी नवऱ्याबरोबर जयपूरला आल्या, तो गेला तरी इथंच राहिल्या. त्यांनी आणि बाईंनी एका उन्हाळ्याच्या तोंडावर चुन्याची पोती आणली, साड्या खोचल्या आणि झाडूनं सगळी गच्ची पांढरी करून टाकली. इथं पुष्कळ लोक करतात तसं. मे महिन्यात खालचं घर असं निवांत गार झालं, की दिलीपराव दुपारी घोरायला लागले. उठून त्यांनी पृथ्वीराजना फोन केला, "फॉल्स सीलिंगचा परिणाम हो सगळा." बाईंनी ते ऐकलं आणि हातातलं लाटणं जरा जोरात आपटलं. दुसरं काम म्हणजे अंगणातला नळ. एक पितळी नळ आणि खाली दगड, बस. भाजी धुवा, पाय धुवा, कुंडीला पाणी घाला. दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात त्या नळावर असायचाच.

मित्रांनो, घरातल्या कामाची किंमत मी अशी करतो. त्याला दिवसातून किती वेळा हात लागतो? छताला कुणाचा हात लागत नाही. नळाला लागतो. मला तर किती लागतो ते मोजणंही मी सोडलं. दिलीपरावांचा हिशेब वेगळा होता. ते बघायचे, पाहुणे किती वेळ 'वा' म्हणतात. त्या हिशेबात मी कधीच पास झालो नसतो.

मग निघालं स्वयंपाकघर. दिवाळीच्या आत करायचं ठरलं. पृथ्वीराजच्या घरी मॉड्युलर किचन झालं होतं आणि त्यातले ड्रॉवर म्हणे ढकलले की शेवटच्या वीतभर जागेत आपोआप हळूच बंद होतात. दिलीपरावांनी ते ड्रॉवर बघितल्यापासून त्यांना जेवण गोड लागेना. निलय नावाचा एक तरुण लॅपटॉप घेऊन आला. ओट्यावर लॅपटॉप ठेवला, चित्र दाखवलं. चित्रात सगळं होतं. मी नव्हतो.

बाई चित्राकडे बघत म्हणाल्या, "यहाँ तो दरवाज़ा है."

"वो बंद हो जाएगा आंटीजी. वहाँ टॉल युनिट आएगा. ऊपर से नीचे तक, पूरा स्टोरेज."

"बंद नहीं करना है."

निलयनं दिलीपरावांकडे बघितलं. असल्या लोकांना घरात कुणाकडे बघायचं ते बरोबर कळतं. दिलीपराव म्हणाले, "अगं, चिमणी बसवतोय ना मोठी. धूर आपोआप बाहेर जाईल."

"धूर जाईल. मी कुठं जाऊ? मला उभं राहून बाहेर बघता येतं तिथनं. हवा लागते."

"स्वयंपाक करताना बाहेर काय बघायचंय?"

"तुम्ही एकदा करून बघा, मग सांगते काय बघायचंय." बाईंचा आवाज चढला होता. "प्रत्येक गावाला म्हणालात, स्वतःचं घर होऊ दे, मग तुझ्या मनासारखं."

"झालंय की स्वतःचं. तुझ्यासाठीच करतोय हे सगळं! किचन काय मी वापरणार आहे?"

कौशिक मधे पडला. म्हणजे पडल्यासारखं केलं. खर्चात त्याचाही वाटा होता. "आई, मतलब, एकदा झालं ना की तुला आवडेल. एकदम मॉडर्न होईल. सगळ्यांकडे असंच असतं आता."

"मला आवडेल ते मी सांगितलंय," बाई म्हणाल्या. "ते यात नाही."

कुणी ऐकलं? नाही. दिलीपरावांनी तोंड वर करून निलयला सांगितलं, काम सुरू करा. बाईंनी त्या दिवशी मला मागं लोटून घेतलं आणि अंगणात जाऊन नळाखाली पाय धरून बसल्या. बराच वेळ बसल्या. मी जाळीतून बघत होतो आणि मला काहीही करता येत नव्हतं. बिजागऱ्यांवर लटकणाऱ्यानं काय करायचं? त्या दिवशी मी दिलीपरावांच्या बोटात लाकडाचं एक कुसळ घुसवलं, एवढंच.

कामगारांनी मला काढलं ते पेचकसानं नव्हे, पहारीनं. चौकट फोडली, जिथं मी होतो तिथं विटा लावल्या, त्यावर गिलावा, त्यापुढं ते कपाट. चकचकीत, उंच, घमेंडखोर. दिवाळीला दिवे लागले तेव्हा मी अंगणात भिंतीला टेकून उभा होतो, आणि अंगणात यायला आता घराला वळसा घालून बोळातून यावं लागत होतं. त्यामुळं कुणी येत नव्हतं. नळावर धूळ बसली.

दिवाळीनंतर दिलीपरावांनी कबाडीला बोलावलं. त्यानं जुने नळ, जुनी ग्रिल, फुटका पाट सगळं तराजूत घातलं. मला उलटा करून बघितलं आणि म्हणाला, "इसका क्या करूँ साहब, ये तो जलाने के काम का है." ऐकलंत? मिरजेचं सागवान! मी आयुष्यात इतका अपमान सोसला नव्हता. दिलीपराव म्हणाले, "ले जा ना भैया, फ्री में ले जा."

तेवढ्यात बोळातून बाई आल्या. "दरवाज़ा नहीं जाएगा," कबाडीला म्हणाल्या.

"काय करणार आहेस त्याचं?" दिलीपराव ओरडले. "डोक्यावर घेऊन फिरणार?"

"इतकी वर्षं फिरलेच की."

दिलीपराव आत निघून गेले. बाईंनी सुलोचनाताईंना हाक मारली. एकीनं वरची बाजू धरली, एकीनं खालची, आणि दोघींनी मला जिन्यावरून गच्चीवर नेलं. गच्चीवर एक खोली आहे, जुना कूलर आणि रिकाम्या पेट्या ठेवायची. तिचं पत्र्याचं दार गंजलेलं होतं. ते बाईंनी काढलं, पेट्या बाहेर फेकल्या आणि मला तिथं बसवलं. खाली फट राहिली म्हणून एक पट्टी ठोकली. पाचवी जात. खोलीत जुन्या किचनातली दोन बर्नरची शेगडी आली, छोटा सिलिंडर आला, पाटा आला. पहिल्या दिवशी नुसता चहा झाला. दोघी बायका तो घेऊन उन्हात बसल्या. त्या चहाचं सुख मी सांगू शकत नाही, कारण माझ्या नशिबात चहा नाही. पण सुलोचनाताई म्हणाल्या, "चारुवहिनी, मी आता घरी जात नाही बघा."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी सगळा स्वयंपाक वरच सुरू केला. खाली काहीही नेलं नाही. ज्याला जेवायचं त्यानं वर यायचं. कौशिक आला. आधी दोनदा जिन्यातून परत गेला, मग आला आणि माझ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "आई, येऊ?" बाईंनी कडी काढली. त्यानं खाली मान घालून जेवण केलं. आईला काही म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं. लेकाचा एक शब्द लागत होता, तोही त्याच्याच्यानं निघाला नाही.

दिलीपराव आले नाहीत. "माळ्यावर जाऊन जेवायला मी काय कबुतर आहे?" असं म्हणाले. गुडघे दुखतात हेही खरं होतं. त्यांनी डबा लावला. ड्रॉवर हळूच उघडायचा, त्यातून चमचा काढायचा, डब्यातली थंड डाल खायची, ड्रॉवर हळूच बंद होऊ द्यायचा. चहा करायला गेले तर साखर कुठल्या कपाटात आहे ते कळेना. दूध उतू गेलं आणि काळ्या ग्रॅनाइटवर असं काही वाळलं, की खरवडूनही निघेना. हात दाखवून अवलक्षण. मुरलीपुऱ्यातलं सगळ्यात महागडं स्वयंपाकघर आणि त्यात एक धड चहा होत नव्हता! मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

नवराबायको कौशिकच्या मार्फत बोलायचे. "आईला सांग, संक्रांतीला मंडळी येणार आहेत. किचन बघायला." "बाबांना सांग, दाखवा म्हणावं." "आईला सांग, हळदीकुंकू खाली कर." यावर बाई म्हणाल्या, "हळदीकुंकू माझं आहे. ते वर होईल."

जयपूरची संक्रांत तुम्ही बघितली नसेल तर सांगतो. त्या दिवशी या शहरात माणूस घरात सापडत नाही. अख्खं गाव गच्चीवर. पतंग, स्पीकर, तिळपट्टी, आणि दर थोड्या वेळानं कुठून तरी "वो काटा!" अशी आरोळी. मंडळी दुपारी आली. दिलीपरावांनी आधी खाली अडवून धरलं आणि किचन दाखवलं. पुढचं मला बायकांनी वर येऊन सांगितलं. दिलीपरावांनी एकेक ड्रॉवर ढकलला. कपाटातले दिवे लावले. पृथ्वीराजांची बायको प्रज्ञाताई, तोंडाच्या फटकळ, त्यांनी ओट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "कोरं करकरीत आहे हो. इथं फोडणी दिलीय की नाही अजून?"

"देतो की. रोज देतो," दिलीपराव म्हणाले.

तेवढ्यात जिन्यातून गूळपोळीचा वास खाली आला. मंडळींनी एकमेकांकडे बघितलं आणि सगळी वर निघाली. दिलीपराव रेलिंग धरून सगळ्यांच्या मागं.

वर बाई तव्याशी उभ्या होत्या. माझ्या जाळीतून खोलीभर ऊन पडलं होतं. बायका आत येत होत्या, कुंकू लावून घेत होत्या, वाण घेत होत्या, बाहेर चटईवर जाऊन बसत होत्या. दर वेळी कडी काढायची आणि दर वेळी लावायची, कारण समोरच्या टाकीवर माकडं बसली होती. माकडांना पतंगाशी देणंघेणं नसतं, गूळपोळीशी असतं. प्रज्ञाताईंनी मला दोनदा उघडबंद करून बघितलं. "वहिनी, हाच ना तो ट्रकवरचा? आम्ही इतक्या गावी डास मारत बसलो, आमच्या डोक्यात कसं आलं नाही?" पृथ्वीराज हसून म्हणाले, "दिलीपराव, मग खालच्या किचनात करता काय?"

दिलीपरावांच्या हातात मिठाईच्या दुकानातून आणलेला तिळाच्या लाडवांचा डबा होता. तो घेऊन ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. ऑफिसात शिपायाला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "तिळगूळ घे, गोड बोल. कडी काढ."

बाईंनी पोळी उलटली. "तिथूनच द्या. जाळीतून येत असेल तर."

"लोक बघतायत, चारू."

"बघू देत. लोकांना दाखवायलाच तर घर केलंत. आज हेही बघतील."

पृथ्वीराज जरा गडबडले. "वहिनी, सणाचा दिवस आहे. जाऊ द्या."

"जाऊच देत आले, पृथ्वीराज भावजी. दर बदलीला जाऊ देत आले." बाईंनी उलथनं खाली ठेवलं. "दुसऱ्याच्या भिंतींत जन्म काढला. एक दरवाजा मागितला होता मी. चाळीस कपाटं नाही मागितली. स्वतःच्या घरात तो यांनी विटा लावून बुजवला आणि मला म्हणाले, तुझ्यासाठीच करतोय. मला राग आलाय. सणाला येऊ नये असं कुठं लिहिलंय का?"

शेजारच्या गच्चीवर पतंग कापला गेला तरी आमच्याकडे कुणी मान वर केली नाही. आत बसलेल्या प्रज्ञाताई कडी काढायला उठल्या. बाई म्हणाल्या, "प्रज्ञाताई, तुम्ही बसा."

दिलीपरावांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ओरडतील असं मला वाटलं. मी वाटच बघत होतो. ते अगदी हळू म्हणाले, "मला भूक लागलीय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ताटलीत पोळी घेतली, वर तूप घातलं. कडी काढली, हात बाहेर करून ताटली दिली आणि कडी परत लावली. दिलीपराव टाकीच्या सावलीत बसून जेवले. पोळी संपल्यावर तुपाचं बोट चाटताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. इतक्या वर्षांत या माणसाला एवढं समाधान झालेलं मी कधी बघितलं नव्हतं, ना छताखाली, ना शॉवरखाली. तेही दरवाज्याबाहेर बसून.

इथं कहाणी संपावी असं तुम्हाला वाटत असेल. माझ्या वयाच्या वस्तू इथंच संपवतात. पण मला अजून सांगायचंय.

दिलीपरावांनी निलयला फोन केला. ते कपाट काढून भिंत फोडता येईल का? निलय आला, टकटक करून गेला. कपाट काढलं की ग्रॅनाइट कापावा लागेल, ग्रॅनाइट कापला की शेजारचे ड्रॉवर जातील. बसवायला लागला जवळजवळ तेवढाच खर्च पुन्हा. दिलीपरावांनी दोन दिवस विचार केला आणि खर्च करायचा ठरवलं. हे त्यांच्या बाजूनं सांगतो, नाही तर म्हणाल एकतर्फी बोलतो. मग ते गुडघे धरत वर आले. बाई मटार सोलत बसल्या होत्या.

"चारू, ते कपाट काढतोय. दरवाजा खाली लावू, होता तिथं."

"कशाला?"

"तुला हवा होता ना."

"तेव्हा हवा होता," बाई म्हणाल्या. "आता माझा इथं आहे."

"मग खालच्या किचनचं काय करायचं?"

"दाखवा लोकांना."

दिलीपराव माझ्या पट्टीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. हात घामानं ओला होता. मला काय वाटलं विचारू नका. काही वाटलं नाही.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी विनंती करायची पद्धत आहे, तर करतो. माझ्या बिजागऱ्यांना होळीच्या आधी तेल घाला, जाळी ओल्या फडक्यानं पुसा, आणि वार्निशच्या नावाखाली मला चकचकीत करायला जाऊ नका. आणि मोठे होऊन घर करायला निघालात की तिथं दिवसभर उभं कोण राहणार आहे त्याला आधी विचारा, मग हातोडा उचला. नंतर विचारलंत तर उत्तर मिळेल, पण ते तुमच्या उपयोगाचं नसेल.

आता दिलीपराव रोज दुपारी जेवायला वर येतात. डबा बंद केलाय. आजही आलेत, ते काय बाहेर उभे आहेत. म्हणतायत, "कडी काढ, ऊन लागतंय." बाई म्हणतात, "भाकरी फुगू दे." भाकरी तर कधीच फुगली, मला इथून दिसतेय. पण मला विचाराल तर, अजून थोडा वेळ उभे राहू देत.